गाबोळीवाली शेवंड सोडायची, पण डिझेल कुणी भरायचं?

खडपवाला (रविवार, रात्री १०.४०)

परवा सुट्टीला गावी होतो तेव्हा भावाबरोबर पहाटे जाळं काढायला गेलो. खडपाच्या, म्हणजे समुद्रातल्या खडकांच्या, कडेला तळाशी रात्रभर लावून ठेवलेलं जाळं. तीन शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, लागल्या होत्या, त्यातली एक चांगली दांडगी, आणि उलटी करून बघितली तर शेपटीखाली गच्च केशरी गाबोळी, म्हणजे अंडी. मी म्हटलं ही सोडूया. भाऊ म्हणाला, "सोड की, पण आजचं डिझेल तू भर." मी भरलं आणि शेवंड सोडली. पण तेव्हापासून हेच डोक्यात आहे, मी वर्षातून जेमतेम पंधरा दिवस घरी असतो, बाकीच्या दिवशी ते डिझेल कोण भरणार? भावाला शेवंडीतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, फक्त दोन पोरांची फी त्याला भरायची असते, मला नाही.

मी रत्नागिरीजवळ शिरगावला फिशरीज शिकलो, नोकरी आता दुसऱ्याच लाइनमध्ये आहे, पण कॉलेजात ऐकलेली एक गोष्ट विसरलो नाही. मुंबईच्या समुद्रात चपटी शेवंड मिळायची, थेनस म्हणतात तिला, लांब मिशा नसतात, तोंडापुढं फावड्यासारखी पाती असतात. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तळावरून जाळं ओढणाऱ्या ट्रॉलरना ती भरपूर लागायला लागली, बाहेरच्या देशांतून मागणी आली, आणि १९९४ पर्यंत ती मासेमारी संपली. कमी झाली असं नाही, संपलीच. सीएमएफआरआय या केंद्र सरकारच्या सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या व्ही. डी. देशमुख यांनी २००१ साली यावर पेपर लिहिला. ट्रॉलच्या जाळ्यात गाबोळीवाल्या माद्या मोठ्या प्रमाणात यायच्या, आणि ही जात आपल्या लांब मिशांच्या काटेरी शेवंडीसारखी लाखांनी अंडी देत नाही, हजारांतच देते. मग आई बाजारात गेल्यावर पोरं कुठून येणार?

देशात शेवंड सगळ्यात जास्त उतरली ती १९८५ ला, ४ हजार टनांच्या आसपास. त्यानंतर तो आकडा पुन्हा दिसला नाही.

मला वाटतं त्या वेळी मोजणारे एका बाजूला होते आणि जाळं ओढणारे दुसऱ्या बाजूला, मध्ये कुणी नव्हतं. जगात कुठं हे दोघं एकत्र बसलेत का, आणि बसले तर गाबोळीवालीचं नुकसान कुणी सोसलं? इथं परदेशात असलेले लोक आहेत, कोळीवाड्यातले आहेत, रिसर्चवाले आहेत. लिहा प्लीज.

---

रेवसची_लेक (रविवार, रात्री ११.१५)

दादा, माझी आई बाजारात बसते. शेवंड रोज नसते पण आली की गिऱ्हाईक आधी उलटी करून बघतं, आणि गाबोळी दिसली की म्हणतं हीच द्या, चव लागते. म्हणजे जी सोडायला पाहिजे तिलाच आधी उठाव. आईला मी एकदा म्हटलं तर ती म्हणाली, मी नाही घेतली तर शेजारची घेईल, शेवंड काय परत समुद्रात जाणारे का. बरोबरच आहे तिचं, बाजारात येईपर्यंत उशीर झालेला असतो. जे काय करायचं ते होडीवरच.

---

पर्थकर (सोमवार, सकाळी ६.०५)

मी पर्थजवळ राहतो, सुट्टीच्या दिवशी लायसन्स काढून शेवंड पकडायला जातो. इथं बोटीवर मापाची पट्टी ठेवावीच लागते. शेवंडीच्या डोक्याकडचं कवच ७६ मिलिमीटरपेक्षा कमी भरलं तर तिथल्या तिथं परत. अंडी असली तर परत. आणि छातीवर डांबराचा ठिपका पडल्यासारखा काळा डाग असला तरी परत, कारण तो नराने चिकटवलेला असतो, म्हणजे ती आता अंडी देणारच आहे. मला आधी हे सगळं जाचक वाटायचं, आता हात आपोआप उलटी करतो.

पण खरी सांगण्यासारखी गोष्ट पिल्लांची आहे. इथली शेवंड अंड्यातून निघाली की पानासारखी चपटी, पारदर्शक अळी होऊन नऊ ते अकरा महिने खोल समुद्रात फिरते. मग तिचं रूप पालटतं, काचेच्या खेळण्यासारखं छोटं पिल्लू होतं, आणि ते काही न खाता पोहत किनाऱ्याकडे येतं. इथल्या शास्त्रज्ञांनी १९६८ पासून किनाऱ्याजवळ खोट्या समुद्रगवताच्या तंतूंचे सापळे लावलेत, दर चांद्रमासाला ते झटकून आत किती पिल्लं बसलीत ते मोजतात. डिझाइन ब्रूस फिलिप्स या शास्त्रज्ञांचं, त्यांच्याच नावानं ओळखतात. या वर्षी पिल्लं किती आली त्यावरून तीन-चार वर्षांनी माल किती येणार ते आधीच सांगता येतं.

२००८-०९ ला पिल्लं इतकी कमी आली की चाळीस वर्षांत तशी आली नव्हती. तेव्हा समुद्रात मोठी शेवंड अजून होती, माल येत होता, तरी मासेमारी खूपच कमी केली, आधी साधारण ११ हजार टन निघायचे ते साडेपाच हजारांवर आणले आणि प्रत्येकाला कोटा ठरवून दिला. कोळ्यांनी विरोध केला, पण पिल्लांचे आकडे ते स्वतः वर्षानुवर्षं बघत आले होते आणि ते खरे ठरतात हे त्यांना माहीत होतं. साठा सावरला. कोटा असल्यामुळं घाई राहिली नाही, भाव असेल तेव्हा जायचं, त्यामुळं अर्ध्या मालातही चांगला पैसा राहिला. हीच मासेमारी २००० साली एमएससी या आंतरराष्ट्रीय संस्थेचा शाश्वत मासेमारीचा शिक्का मिळवणारी जगातली पहिली.

---

तांडेल_४७ (सोमवार, दुपारी १.३०)

वाचलं सगळं. मी ३१ वर्षं समुद्रावर आहे, पहिली बारा वडिलांच्या होडीवर खलाशी म्हणून. राग मानू नका पण स्पष्ट लिहितो.

माणसं येतात बंदरावर, वही घेऊन, विचारतात किती मिळालं, कुठं मिळालं, किती वावात (खोलीवर) मिळालं. आम्ही सांगतो. चहा पण देतो. मग पुढं काय झालं ते कुणी सांगायला येत नाही, येतो तो नियम येतो. माझ्या आकड्यातून काय निघालं हे मला आजवर एकाही माणसानं येऊन सांगितलेलं नाही. मग पुढच्या वेळी मी खरं का सांगू? जागा तर कुणीच खरी सांगत नाही.

दुसरं. आमची दोन सिलिंडरची होडी, आम्ही एक शेवंड सोडायची, आणि रात्री बाहेरून येणारे ट्रॉलर तळ खरवडून शंभर नेणार? एलईडी लाइट लावून मासे धरायला २०१७ पासून बंदी आहे, रात्री समुद्राकडे तोंड करून उभे राहा, लाइट दिसतात. आधी ते बंद करा, मग आमच्या शेवंडीचं बोलू.

---

खडपवाला (सोमवार, दुपारी २.१०)

तांडेल काका, राग कसला, यासाठीच धागा काढला. तुमच्या पहिल्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण मी स्वतः कॉलेजात असताना प्रोजेक्टसाठी अशीच वही घेऊन बंदरावर गेलो होतो आणि परत जाऊन कुणाला काहीच सांगितलं नाही. त्या लोकांनी दोन महिने मला मासळी मोजू दिली होती. चूक माझीच.

---

मेनमध्ये_मीनल (सोमवार, रात्री ८.४५)

मी अमेरिकेत मेन राज्यात असते, डेटाचं काम करते, आणि इथं राहायचं म्हणजे लॉबस्टरच्या गप्पा ऐकायच्याच. इथली जात वेगळी, मोठ्या नांग्यांची, थंड पाण्यातली, मापात यायला सहा-सात वर्षं घेते. तांडेल काकांचा ट्रॉलरचा मुद्दा इथं फार पूर्वी सुटलाय, लॉबस्टर फक्त पिंजऱ्यानं धरायचा, ट्रॉलनं नाही, आणि एका माणसाला जास्तीत जास्त ८०० पिंजरे. आपल्याला ८०० म्हणजे खूप वाटतील पण इथं ती मर्यादा आहे.

मला आवडलेली गोष्ट शेपटीच्या खाचेची. अंडीवाली मादी मिळाली की कोळी तिच्या शेपटीच्या एका पात्याला व्ही आकाराची खाच पाडून सोडतो. पुढं ती अंड्यांशिवाय सापडली तरी खाच दिसते, म्हणजे ही अंडी देणारी आई आहे, हिला कुणी न्यायचं नाही. कात टाकली तरी खाच लगेच बुजत नाही. बोटीवर पोलीस नसतो. पण खाचवाली विकायला आणली तर बंदरावर नाव जातं, इथं तेच मोठं.

१९९५ च्या कायद्यानं किनाऱ्याचे सात विभाग केले, प्रत्येक विभागाची कोळ्यांची कौन्सिल, त्यांनी मतदान करून आपल्या विभागाचे काही नियम ठरवायचे. शास्त्रज्ञांकडून रिक वाहले यांनी १९८९ पासून पाणबुड्यांकरवी दगडांतली छोटी पिल्लं सक्शन पाइपनं खेचून मोजायला सुरुवात केली, तेच पुढं कॅनडापर्यंत पसरलं.

पण सगळं गोड आहे असं समजू नका. २०१६ ला मेनमध्ये १३ कोटी पौंडांपेक्षा जास्त लॉबस्टर उतरला, आता १० कोटींच्याही खाली आलाय. पाणी तापतंय. पिल्लं घटली म्हणून कमीत कमी माप एका इंचाच्या सोळाव्या भागानं वाढवायचं ठरलं होतं, एवढंसंच, पण कोळी इतके चिडले की २०२५ च्या सुरुवातीला ते मागे घ्यावं लागलं. लोकांचं म्हणणं होतं की तुमचे आकडे आमच्या पिंजऱ्यात दिसत नाहीत. म्हणजे तीस-पस्तीस वर्षं बरोबर काम करूनही विश्वास रोजच्या रोज कमवावा लागतो.

---

मालवणी_दर्या (सोमवार, रात्री ९.३०)

माझे आजोबा सांगायचे, "खडपार शेवंडी हातान धरूक गावायच्यो, आता जाळा लावून पण गावनत नाय." अगदी हातानं नसेल पण ओहोटीला कातळाच्या घळीत मिशा दिसायच्या हे आईनंही पाहिलंय.

ट्रॉलरबद्दल, आमच्या सिंधुदुर्गात यूएनडीपीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेच्या) प्रकल्पात ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला ४० मिमी चौकोनी आसाची (भोकाची) जाळी लावायचा प्रयोग झाला होता. नेहमीचा आस ओढला की मिटतो आणि बारकं सगळं अडकतं, चौकोनी आस उघडा राहतो आणि पिल्लं निसटतात. म्हणजे ट्रॉलरवाल्यांशी पण बोलता येतं, बोलणाऱ्यानं त्यांचं डिझेल किती वाचतं ते पण सांगायला हवं. जाळं ओढायला हलकं झालं की कुणाला नको असतं.

---

प्रयोगशाळेतून (मंगळवार, सकाळी ७.५०)

मी निवृत्त आहे, आयुष्य मत्स्यसंशोधनात गेलं, नाव राहू दे. तांडेल यांचा आरोप आमच्या पिढीला लागू आहे आणि तो मी मान्य करतो. आम्ही लिहिलं ते इंग्रजीत, एकमेकांसाठी.

पण सहकार्य झालंच नाही असं नाही. १९२८ ते १९३० मध्ये डाना नावाचं डॅनिश जहाज जगभर फिरलं, त्यानं हिंदी महासागरातून शेवंडीच्या अळ्यांचे नमुने गोळा केले. त्यांचा अभ्यास केला आपल्या सीएमएफआरआयच्या रघु प्रसाद, टाम्पी आणि जॉर्ज यांनी, ते १९७५ चं काम. म्हणजे डेन्मार्कच्या जहाजानं पकडलेली अळी पंचेचाळीस वर्षांनी भारतीय माणसानं ओळखली. पुढं सीएमएफआरआयचेच ई. व्ही. राधाकृष्णन आणि वर पर्थकर यांनी ज्यांचा उल्लेख केला ते फिलिप्स यांनी मिळून काम केलं. चेन्नईला २०१० च्या जानेवारीत शेवंडीवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. आणि एमपीईडीएच्या (समुद्री मालाच्या निर्यातीचं सरकारी मंडळ) मदतीनं सीएमएफआरआयनं किनाऱ्यावरच्या गावांतून कोळ्यांना बरोबर घेऊन शेवंड वाचवायचा कार्यक्रमही चालवला, त्यात महाराष्ट्र आणि गुजरातही होते. गाबोळीवाली सोडा हेच सांगणं होतं.

आता नियमाची खरी अडचण. २००३ साली केंद्रानं निर्यातीसाठी कमीत कमी वजन ठरवलं, आपल्या चिखलातल्या काटेरी शेवंडीला ३०० ग्रॅम, दक्षिणेकडच्या होमारस जातीला २०० ग्रॅम, ऑर्नेटस जातीला ५०० आणि चपट्या शेवंडीला १५०. चांगला नियम आहे, पण निर्यातीचा आहे. दीडशे ग्रॅमची काटेरी शेवंड जहाजावर चढत नाही, ती हॉटेलात जाते. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचंच किमान माप लावलं तेव्हा कुठं आपण बंदरापर्यंत पोचलो.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्या. अळी महिनोन् महिने वाहत जाते. आज तुमच्या होडीवरून सोडलेल्या मादीचं पिल्लू तुमच्याच खडपात बसेल असं नाही, ते गुजरातला बसेल किंवा कारवारला. त्यामुळं एका गावानं सोडून भागत नाही, आणि एका गावानं सोडली नाही तर दुसऱ्याचं नुकसान होतं. चपट्या शेवंडीचं तसं नाही, तिची अळी महिन्याच्या आत बसते, म्हणूनच आमच्या लोकांना चेन्नईजवळ कोवळमला ती हॅचरीत वाढवता आली. काटेरीचं हॅचरीचं बी, म्हणजे पिल्लं, इतक्या सहज होत नाही.

---

पर्थकर (मंगळवार, सकाळी ९.२०)

सर, तुम्ही बियाचं लिहिलंत म्हणून आठवलं. व्हिएतनाममध्ये समुद्रातून तीच काचेची पिल्लं पकडून पिंजऱ्यात वाढवतात, मोठा धंदा आहे. इंडोनेशियाच्या लोंबोकमध्ये ती पिल्लं भरपूर, तिथून ती व्हिएतनामला जायला लागली. ऑस्ट्रेलियाच्या मदतीनं तिथं संशोधनही झालं की पिल्लं बाहेर न पाठवता तिथंच कशी वाढवायची. सरकारनं निर्यात बंद केली, २०२० ला पुन्हा उघडली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खुद्द मत्स्यमंत्री त्या निर्यातीतल्या लाचेच्या प्रकरणात पकडले गेले, २०२१ ला पुन्हा बंद, २०२४ ला पुन्हा वाट मोकळी. शोध चांगला असून पैसा कुणाकडे जातो हे ठरलं नसेल तर असं होतं. आपल्याकडे पिंजऱ्यात शेवंड वाढवायचं बोलतात तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा, पिल्लू कुठून आणणार.

---

रेवसची_लेक (मंगळवार, दुपारी ३.००)

सगळं वाचून मला डिझेलचं सुचतंय ते लिहू का? आपल्याकडे २०१८ च्या डिसेंबरपासून एक योजना आहे, जाळ्यात कासव, देवमासा, बहिरी (व्हेल शार्क) असं काही संरक्षित अडकलं आणि कोळ्यानं जाळं कापून सोडलं तर फोटो पाठवायचा, २५ हजारापर्यंत भरपाई मिळते. आमच्या ओळखीतल्याला मिळाली आहे. म्हणजे जीव सोडल्याचे पैसे देता येतात हे झालेलं आहे. शेवंड संरक्षित नाही म्हणून सरकारी पैसा लगेच येणार नाही, पण मच्छीमार सोसायटीनं लिलावात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक शेवंडीमागं थोडे पैसे एका डब्यात टाकले आणि जो गाबोळीवाली सोडेल त्याला त्यातून निम्मी किंमत दिली तर? पूर्ण नाही, निम्मी. डिझेल तरी निघेल.

---

तांडेल_४७ (मंगळवार, सायंकाळी ६.१०)

पोरी, कल्पना चांगली आहे पण मी तुला आताच सांगतो काय होणार. एकच गाबोळीवाली टपात जिवंत ठेवून पाच जण पाच दिवस फोटो काढणार. कोळी माणूस समुद्रावर खोटं बोलत नाही पण सोसायटीत बोलतो.

---

मेनमध्ये_मीनल (मंगळवार, रात्री ७.४०)

काका, त्यासाठीच खाच! सोसायटीच्या माणसासमोर शेपटीला खाच पाडायची, मग पैसे, मग सोडायची. खाचवालीला पुन्हा पैसे नाहीत आणि तिला विकायचंही नाही. आयर्लंडमध्ये अगदी हेच करतात, खाच पाडून सोडलेल्या लॉबस्टरच्या किमतीचा काही भाग कोळ्याला परत देतात. आपल्या काटेरी शेवंडीच्या पात्याला ती खाच किती कातींपर्यंत टिकते ते खाचवाल्या पुन्हा सापडतील तेव्हा कळेलच, तेच तर मोजायचं.

---

प्रयोगशाळेतून (मंगळवार, रात्री ९.०५)

मीनल, हे मला पटलं. आणि यात आकडे कोळ्याचे, वही सोसायटीची. खडपवाला, रकाने मी करून देतो, साधे, मराठीत. तारीख, जाळ्याची खोली, नर की मादी, डोळ्यांच्या मधून पाठीच्या कवचाच्या मागच्या काठापर्यंत लांबी, गाबोळी आहे का आणि तिचा रंग. केशरी असेल तर ताजी, तपकिरी झाली तर पिल्लं सुटायला आली, ती तर शक्यतो बंदरापर्यंतसुद्धा आणू नका, तिथंच खाच पाडा, फोटो काढा, सोडा. आणि दर अमावास्येला त्या महिन्याची बेरीज करून बंदरावरच्या फळ्यावर खडूनं लिहायची. आमच्याकडे पाठवायच्या आधी फळ्यावर. वही तयार झाली की फोटो इथं टाका.

---

खडपवाला (मंगळवार, रात्री ११.३०)

आत्ता भावाशी फोनवर बोललो. म्हणाला लिहीन, पण जागा नाही लिहिणार. मी म्हटलं नको लिहू, खोली लिही. तो आणि त्याचे दोन मित्र, तीन होड्या तयार आहेत. डब्याचं सोसायटीत बोलायला वेळ लागेल, तोपर्यंत या सीझनच्या गाबोळीवाल्यांची निम्मी किंमत मी देतो, जितक्या होतील तितक्या. पुढच्या शनिवारी मी वह्या घेऊन गावी जातोय.

सर, रकाने टाका इथंच, सगळ्यांना बघू दे.

---

तांडेल_४७ (बुधवार, पहाटे ५.२०)

रकाने अपुरे आहेत. उधाणाचं (मोठ्या भरतीचं) पाणी की भांगाचं (लहान भरतीचं) ते टाका, आणि पाणी गढूळ की नितळ. पाणी गढूळ असलं की शेवंड खडप सोडून फिरते, जाळ्यात जास्त येते, मग तुम्ही म्हणाल शेवंड वाढली आणि वाढलेली काहीच नसणार. हे तुमच्या वहीत कधीच नव्हतं.

---

प्रयोगशाळेतून (बुधवार, सकाळी ६.४५)

दोन्ही टाकले. खरंच नव्हतं. तुमच्या होडीसाठी चौथी वही पाठवू का?

---

तांडेल_४७ (बुधवार, सकाळी ११.५०)

पाठवा. तोवर पोराच्या शाळेच्या वहीत सुरू केलंय. आज बारा वाव, भांगाचं पाणी, नितळ. शेवंडी दोन, दोन्ही नर. लांबी संध्याकाळी लिहितो, पट्टी घरी आहे.